मधल्या घरातलं ऊन

शैलजाबाई वरण घोटत होत्या, तेवढ्यात विनायकराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत चालायचे बूट, हातात पांढरी काठी. केस ओले करून नीट बसवलेले.

"चल, फिरायला निघू या," ते म्हणाले. "उशीर केला की रस्त्यावर गर्दी होते."

शैलजाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अहो, दुपार आहे. मी वरण करून राहिले."

त्यांनी काठी दाराला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मला सकाळ वाटली." भिंत चाचपत ते दाराजवळच्या खुर्चीपाशी गेले आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. चिडले नाहीत, कुरकुरले नाहीत. ते चिडले असते तर शैलजाबाईंना बरं वाटलं असतं.

ऑक्टोबर महिना होता, साल २०४३. नव्या घरात येऊन त्यांना अडीच महिने झाले होते.

नवं घर म्हणजे तशी जुनीच इमारत. रुईभवन हे नागपुरात, बर्डीच्या बाजूला, एका विलायती कापूस कंपनीनं १९२६ साली बांधलेलं. चार मजले, काळा दगड, मधोमध सागवानी कठड्याचा रुंद जिना. कंपनी गेल्यावर तिथं मध्यभारत विमा कंपनीची कचेरी आली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दप्तरखान्यात शैलजाबाईंनी एकोणतीस वर्षं नोकरी केली. कुठल्या कपाटात कोणत्या सालची पॉलिसी आहे, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. पुढं कामं लोकांच्या घरातल्या पडद्यांवर गेली आणि कचेऱ्या ओस पडल्या. शहराच्या ऐन मध्यात अशा मोठमोठ्या इमारती कुलपं लावून उभ्या, आणि माणसं मात्र पंधरा-पंधरा किलोमीटर लांब राहायला. शेवटी असं ठरलं की नवीन बांधण्याआधी जुन्याची घरं करायची. रुईभवनात अठ्ठेचाळीस घरं निघाली. त्यातली चौदा, इमारतीच्या पोटातली, जुन्या कर्मचाऱ्यांसाठी सोडतीत ठेवली होती. शैलजाबाईंना त्यातलं एक लागलं.

कचेरीचं घर करणं वाटतं तितकं सोपं नसतं. घराला खिडकी लागते, कचेरीचं ट्यूबलाइटवर भागतं. रुईभवन पस्तीस मीटर रुंद होतं. बाहेरच्या भिंतींलगतच्या घरांना खिडक्या मिळाल्या, पण मधल्या घरांना चारी बाजूंनी भिंतीच होत्या. उजेड आणायचा कुठून?

त्यावर उपाय होता गच्चीवर. तिथं साठ गोल आरसे बसवले होते. ते दिवसभर सूर्याकडे तोंड करून वळत राहायचे. आरशांनी गोळा केलेलं ऊन एका काचेवर पडायचं आणि त्या काचेवर केसाहून पातळ असे शेकडो थर दिलेले होते. सूर्याकडून जे येतं त्यातलं जेमतेम निम्मंच डोळ्यांना दिसतं. उरलेलं बहुतेक दिसत नाही, फक्त अंगाला लागतं. ती काच हे दोन्ही वेगळं करायची. दिसणारा भाग आरपार जाऊन काचेच्या बारीक तंतूंमध्ये शिरायचा, जुन्या लिफ्टच्या पोकळीतून खाली उतरायचा आणि मधल्या घरांच्या छतांतून पसरायचा. तापवणारा भाग काचेवरून मागं फिरायचा. तो गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापवायला वापरत. नागपूरच्या मे महिन्यात घरात उजेड हवा, ऊन नको, ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यामुळं शैलजाबाईंच्या बिनखिडकीच्या घरात सकाळी मऊ, पिवळसर उजेड यायचा, दुपारी पांढरा लख्ख व्हायचा आणि संध्याकाळी तांबूस. येणारे-जाणारे छताकडे बघत राहायचे. विनायकरावांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नऊ वर्षांपूर्वीच गेले होते.

*

"डोळ्याला दोन कामं असतात," डॉक्टर फुलझेले म्हणाल्या. "एक बघायचं. दुसरं, आता दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवायचं. काही आंधळ्या माणसांचं पहिलं काम जातं, पण दुसरं शाबूत असतं. काकांची डोळ्यामागची नसच गेली आहे, म्हणून दोन्ही गेलं. आता त्यांच्या शरीराचं घड्याळ स्वतःच्या चालीनं चालतं. त्यांचा दिवस साधारण पावणेपंचवीस तासांचा आहे. रोज पाऊण तास पुढं सरकतो. दहा-अकरा दिवसांत त्यांच्या सकाळची दुपार होते."

"गोळ्या घेतल्या की दोन महिने," शैलजाबाई म्हणाल्या. "काही फरक नाही."

"सगळ्यांना लागू पडत नाहीत."

"पण उमरेड रोडच्या जुन्या घरी असं नव्हतं हो. डोळे गेल्यावरही साडेआठ वर्षं ते सहाला उठायचे, दहाला झोपायचे."

"तिथं दिवसभर काय करायचे?"

विनायकराव खुर्चीत जरा पुढं झाले. ते म्हणाले, "अंगणात बसायचो. उन्हात. सावली आली की खुर्ची सरकवायचो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक बारकं घड्याळ असतं. डोक्यातलं मोठं घड्याळ त्यांना वेळ सांगतं. त्या मोठ्याला उजेड सांगत नसेल तर जेवण, हालचाल, ऊब यांतून ते काहीबाही अंदाज बांधतं. ऊब हा फार दुबळा इशारा आहे. पण दुसरा इशाराच नसला तर शरीर कदाचित तोही ऐकत असेल. यावर अजून एकमत नाही आणि मी खात्री देत नाही. पण तुमचं अंगण गेलं आणि हे सुरू झालं, एवढं खरं."

परतताना रिक्षात शैलजाबाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हे घर घ्यायचा हट्ट त्यांचा होता. दवाखाना जवळ, बाजार जवळ, मुलगी परदेशी, आपलं वय झालं, अशी सगळी कारणं त्यांनी नवऱ्याला मोजून सांगितली होती. सगळी खरीच होती. पण सोडतीत नाव निघालं तेव्हा त्यांना पहिल्यांदा आठवला तो जिना, आणि त्यावरून रोज सकाळी फायली छातीशी धरून चढणारी तिशीतली आपण. हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

घर सहा महिन्यांच्या आत परत करता येत होतं. मुदत जानेवारीअखेरपर्यंत. उमरेड रोडचं घर एका मास्तरांना भाड्यानं दिलं होतं, ते सोडायला तयार होते. शैलजाबाईंनी आधी हीटर आणून पाहिला, रोज सकाळी सातला आपोआप सुरू होणारा. आठवडाभर विनायकराव त्याच्यासमोर निमूट बसले.

"शेगडीजवळ बसल्यासारखं वाटते," ते म्हणाले. "सातला जेवढी, बाराला तेवढीच. ऊन कसं, आधी नुसतं टेकते. मग चढते. मग सरकते. हे काही सरकत नाही."

*

गच्चीवरच्या आरशांची देखभाल रेवा मेश्राम नावाची इंजिनिअर करायची. तिशीची, कमी बोलणारी, कंबरेला कायम एक फडकं खोचलेलं. छताच्या काचा पुसायला ती महिन्यातून एकदा प्रत्येक घरी यायची. त्या दिवशी ती शिडीवर असताना शैलजाबाईंनी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "वर जे गाळून काढता तुम्ही, ते आमच्याकडं नाही का पाठवता येणार?"

रेवा शिडीवरून उतरली. "ऊन? उजेड सोडून नुसतं ऊन?"

"यांना उजेडाचा काय उपयोग?"

रेवा हातातलं फडकं घडी करत राहिली. "तंतू तेही वाहून नेतात, काकू. वेगळा जुडगा टाकावा लागेल. टोकाला एक भिंग आणि त्याला वळवायला छोटी मोटर. आतापर्यंत कुणी मागितलंच नाही. सगळे म्हणतात, गरमी नको."

तिनं सोसायटीकडून एका घरापुरती, प्रयोग म्हणून परवानगी काढली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जोडणी झाली. छताच्या कोपऱ्यात मनगटाएवढं भिंग बसलं. वर सूर्य फिरेल तसं ते खाली वळणार होतं, म्हणजे सकाळी उन्हाचा तुकडा पूर्वेच्या भिंतीजवळ पडेल आणि दिवसभरात सरकत पश्चिमेला जाईल.

"सुरू केलं," रेवा म्हणाली.

काहीच दिसलं नाही. तीच फरशी, तोच छतातला उजेड. शैलजाबाई हात पुढं करून खोलीभर चाचपडत फिरल्या. रेवाही फिरली. दोघी एकमेकींना धडकल्या आणि हसल्या. विनायकराव खुर्चीवरून उठले, काठी न घेता चार पावलं चालले आणि पूर्वेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबले. त्यांनी तोंड थोडं वर केलं.

"इथं आहे," ते म्हणाले. "नऊ, सव्वानऊ वाजले असतील."

रेवानं मनगटाकडं पाहिलं. "नऊ वाजून वीस."

त्या दिवशी त्यांनी खुर्ची अकरा वेळा सरकवली. शैलजाबाईंनी मोजलं.

पहिले दोन आठवडे फरक पडला नाही. त्यांचा दिवस सरकतच होता. पण आता तो सरकत सरकत सकाळपाशी आला, आणि तिथं जरा अडखळला. पुन्हा थोडा पुढं गेला, पुन्हा मागं आला. डिसेंबरच्या मध्यावर आठवड्यातले पाच दिवस ते सहा-साडेसहाला उठायला लागले. उरलेल्या दोन दिवशी नाही उठायचे. डॉक्टर फुलझेल्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मी अजूनही खात्री देत नाही. पण चालू ठेवा."

*

नागपूरची थंडी त्या वर्षी कडक पडली. रुईभवनच्या दगडी भिंती आतून गार पडायच्या. मधल्या घरांतली म्हातारी माणसं पायमोजे घालून बसायची. मग वरच्या मजल्यावरच्या तिजारे काकू एकदा विरजण मागायला आल्या आणि चालता चालता उन्हात पाय पडला म्हणून तिथंच थांबल्या.

"अगं बाई, हे काय?"

"ऊन आहे. बसा," विनायकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीला घेऊन आल्या. आठवड्याभरात सकाळी आठला शैलजाबाईंच्या घरी, म्हणजे निमज्यांकडं, सहा-सात माणसं जमायला लागली. कुणी मटार सोलायला आणायचं, कुणी विणकाम. दिसत नसलेल्या उन्हात नेमकं कुठं बसायचं हे डोळस माणसांना कळायचं नाही, म्हणून विनायकराव एकेकाला दंडाला धरून जागेवर बसवायचे. "अजून एक वीत डावीकडं. हां, तिथं." शैलजाबाई चहा करता करता हे ऐकायच्या. नवऱ्याचा हा आवाज त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. नोकरीत असताना ते सरकारी मोजणीदार होते. गावोगाव साखळी घेऊन शेतं मोजायचे आणि भावाभावांतले धुऱ्याचे, शेताच्या बांधाचे वाद मिटवायचे.

मग जे व्हायचं ते झालं. मधल्या चौदाही घरांनी अर्ज केले. आम्हालाही ऊन द्या.

चौथ्या मजल्यावर खिडकीच्या घरात सुबोध लांजेवार राहायचे. सोसायटीचे सचिव, सरळ माणूस. रविवारच्या बैठकीत ते उभे राहिले.

"निमजे काकांच्या एका घराला मी सही दिली होती. पुन्हा देईन. पण चौदा घरांना दिलं तर टाकीत काय उरणार? माझ्या आईला संधिवात आहे. सकाळी सातला कढत पाणी मिळालं नाही तर तिची बोटं दुपारपर्यंत उघडत नाहीत. तुम्हाला ऊन म्हणजे सोय आहे. तिला पाणी म्हणजे औषध आहे."

"आम्हाला नुसती सोय आहे का?" तिजारे काकू म्हणाल्या. "तुम्हाला खिडकी आहे."

"खिडकीचं घर घेतलं म्हणून खिडकी आहे."

यावर एकदम चार-पाच जण बोलायला लागले. शैलजाबाई मान खाली घालून बसल्या. उन्हाची मागणी पहिली त्यांची होती. आज इतकी माणसं एकमेकांशी तोडून बोलत होती ती त्यामुळं, आणि लांजेवारांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या उठून सांगणार होत्या की आमची जोडणी काढून टाका, आम्ही जानेवारीअखेर घर सोडतो. तेवढ्यात शेजारून विनायकरावांनी विचारलं, "रेवा, कोणत्या तासाला किती ऊन जमा होते?"

रेवा भिंतीला टेकून उभी होती. "दिवसाचा एकूण आकडा आहे, काका. तासागणिक कधी काढला नाही."

"म्हणजे मोजणी झाली नाही आणि वाद सुरू झाला." ते उठले. "लांजेवार, आई आंघोळ करतात सातला. ते पाणी तापते कधी?"

"आदल्या दिवशी. टाकी रात्रभर गरम राहते."

"आणि आम्हा लोकांना ऊन पाहिजे ते सकाळी. मग दोघांची शेतं वेगळी आहेत की एकच आहे, हे बघावं लागेल. आठ दिवस मोजू. आमच्याकडं नियम होता, ज्याचा वाद त्यानं साखळीचं एक टोक धरायचं. तुम्ही या माझ्यासोबत."

"मोजायला यंत्र आहे की," लांजेवार म्हणाले. "रेवा बघेल."

"यंत्र मोजेल. पण तुम्ही तिथं उभे नसले तर तुम्हाला पटणार नाही."

आठ दिवस, तासातासाला, तिघं गच्चीवर जायचे. लांजेवार त्या दिवसांत घरूनच काम करायचे, म्हणून जमलं. पहिल्या दिवशी ते विनायकरावांचा हात धरून जिना चढले तेव्हा दोघांत काही बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शैलजाबाईंना जिन्यातून दोघांचे आवाज आले. काटोलकडच्या कुठल्याशा शेताचा किस्सा चालला होता, ज्यात दोन भाऊ एका बोरीच्या झाडासाठी सतरा वर्षं भांडले होते. लांजेवार हसत होते.

मोजणीत निघालं ते असं. सकाळी साडेदहापर्यंत जी उष्णता जमा होते ती दिवसाच्या जेमतेम पाव हिस्सा. खरा भर दुपारचा. सकाळचं सगळं ऊन मधल्या घरांना दिलं तरी टाकीचं पाणी संध्याकाळपर्यंत तापणारच होतं, फक्त आठ-दहा अंशांनी कमी.

पुन्हा बैठक झाली. विनायकरावांनी हिस्से सांगितले. साडेदहापर्यंत माणसांना, पुढं पाण्याला.

"आठ-दहा अंश कमी म्हणजे आईला चालेल," लांजेवार म्हणाले. "पण ढगाळ दिवशी?"

"ढगाळ दिवशी सगळं पाण्याला. आम्ही पायमोजे घालू."

"काका, तुमचं मात्र नुकसान आहे. आता तुम्हाला दिवसभर मिळून राहिलंय."

"मला सकाळच पाहिजे होती," विनायकराव म्हणाले. "एकदा सकाळ नक्की झाली की पुढचं मी काढतो."

लांजेवारांनी सही केली. तिजारे काकूंनी विचारलं की दहाच्या ऐवजी पावणेअकरापर्यंत नाही का करता येणार, आणि विनायकरावांनी सांगितलं की साडेदहाचंच ठरलंय, दहाचं नाही, तुमची पंधराच मिनिटं वाढतील आणि त्यासाठी पुन्हा आठ दिवस जिना चढावा लागेल. काकू बसल्या.

*

जानेवारीच्या एकोणतीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला, इमारतीच्या कार्यालयातून फोन आला. निमजे कुटुंबानं अजून कळवलेलं नाही, घर ठेवणार की परत करणार? मुदत परवा संपते.

"दहा मिनिटांत सांगते," म्हणून शैलजाबाईंनी फोन ठेवला. आता प्रत्येक मधल्या घरात स्वतःचं ऊन पोचलं होतं, त्यामुळं सकाळची गर्दी ओसरली होती. हॉलमध्ये विनायकराव एकटेच बसले होते. त्या गॅसवर चहा ठेवून त्यांच्याजवळ आल्या.

"अहो, घराचं विचारून राहिले. मास्तर म्हणाले, पंधरा दिवसांत खाली करून देतील. अंगण आहे तिथं. दिवसभराचं ऊन आहे."

"तुला काय वाटते?"

"माझं विचारू नका. मागच्या वेळी माझ्याच मनासारखं झालं." त्या थांबल्या. मग एका दमात म्हणाल्या, "मी दवाखाना, बाजार सगळं सांगितलं तुम्हाला. पण ते नंतर सुचलं. मला या इमारतीत परत यायचं होतं. बाकी काही नाही. तुमचं अंगण गेलं ते माझ्या हौसेपायी."

विनायकरावांनी मान हलवली. "माहीत होतं मला."

"कसं?"

"सोडत लागली त्या दिवशी तू तासभर बोलत होती. जिन्याबद्दल. कठडा कसा आहे, पायऱ्या किती आहेत. घराला खोल्या किती हे मीच विचारलं शेवटी."

शैलजाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "मग तेव्हा बोलले का नाही?"

"मी महिना-महिना मोजणीला बाहेर असायचो. पोरीचं दुखणं, सासूचं दुखणं, सगळं तू काढलं. त्या वेळी तू कुठं बोलली?" त्यांनी खुर्ची जराशी उजवीकडं सरकवली. "लांजेवार म्हणत होते, गाड्या लावायच्या जागेवरून तळमजल्यावर भांडण आहे. मंगळवारी मोजायला बोलावलंय. आता उमरेड रोडला जाऊन मी काय मोजू?"

"म्हणजे ठेवायचं?"

"ठेव. मास्तरांना तेवढं सांग, पेरूच्या झाडाला पाणी घालत जा म्हणावं. त्यांच्या लक्षात राहत नाही."

शैलजाबाईंनी तिथूनच फोन लावला आणि घर ठेवत असल्याचं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं अभिनंदन केलं, एक नंबर लिहून घ्यायला सांगितला, तो त्यांनी लिहून घेतला.

"झालं का?" विनायकरावांनी विचारलं.

"झालं."

"मग ये, बस. अजून वीस मिनिटं आहेत आपली."

शैलजाबाईंनी गॅस बंद केला, चहाचे दोन कप आणले आणि आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली.

"जरा पुढं घे," ते म्हणाले, आणि त्यांनी घेतली.